वस्तीची सभा कुठे भरते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



लोणार किंवा मेहकर तालुक्यातील एखादे कोरडवाहू कुटुंब दोन-तीन वाईट हंगामांनंतर गाव सोडते आणि खामगाव, मलकापूर अथवा बुलढाणा शहराच्या आश्रयाला येते, तेव्हा त्याने काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब सहसा रोजमजुरीच्या भाषेत मांडला जातो. गावी वर्षाकाठी थोडे महिने मिळणारे काम येथे अधिक दिवस मिळते. बाजार समितीत हमाली असते, बांधकामावर बिगारी असते, बायकांना चार घरची धुणीभांडी मिळतात. हा हिशेब खोटा नाही. परंतु या व्यवहारात आणखी एक गोष्ट हातची जाते आणि तिची नोंद कोणत्याच पाहणीत होत नाही. ते कुटुंब आपली ग्रामसभा गमावते.

ग्रामसभा आदर्श असते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कितीदा तरी ती कागदावरच भरते, ग्रामसेवक वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो, आणि दलित वस्तीतला माणूस चावडीच्या कडेला उभा राहूनच ऐकतो. तथापि वर्षातून किमान चार वेळा ती भरलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. 'अमक्याचे नाव यादीत का नाही?' असे कोणी उठून विचारले तर त्याला दटावून खाली बसवणे सरपंचाला जमते. त्याचा प्रश्नच गैरलागू ठरवणे मात्र त्याला जमत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाच्या यादीची पडताळणी ग्रामसभेपुढे व्हावी लागते. त्याच नावाच्या योजनेच्या शहरी भागात, जो २५ जून २०१५ रोजी सुरू झाला, अर्ज नगरपरिषदेच्या कार्यालयात जातो, तेथून सल्लागार संस्थेच्या प्रकल्प अहवालात जातो, अहवाल मुंबईला आणि पुढे दिल्लीला जातो. गल्लीतल्या लोकांसमोर यादी मोठ्याने वाचली जाण्याचा प्रसंग या प्रवासात कोठेच येत नाही.

याचे मूळ राज्यघटनेतच आहे. १९९२ साली संसदेने दोन घटनादुरुस्त्या एकत्रच संमत केल्या आणि १९९३ साली त्या अमलात आल्या. ७३ व्या दुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. ७४ व्या दुरुस्तीने शहराला प्रभाग समिती दिली, पण ती तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरती अनिवार्य ठेवली. बुलढाणा जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठ्या खामगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ हजारांच्या आसपास होती. म्हणजे जिल्ह्यातील एकही शहर या उंबरठ्याला शिवत नाही. जिल्ह्याच्या सुमारे पंचवीस लाख शहाऐंशी हजार लोकसंख्येपैकी साधारण एकवीस टक्के माणसे शहरांत राहतात. नगरसेवकाच्या खाली बसून बोलण्याची कोणतीही कायदेशीर बैठक त्यांच्या वाट्याला आलेली नाही. महानगरपालिकांच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली खरी, पण पुण्यामुंबईतल्या जागरूक नागरिकांनासुद्धा ती भरवून घेण्यासाठी प्रशासनाच्या मागे लागावे लागले.

आणि मधली काही वर्षे तर नगरसेवकही नव्हता. जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदांची २०१६ च्या अखेरीस निवडून आलेली मंडळे मुदत संपताच पायउतार झाली आणि २०२५ च्या डिसेंबरमधील निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जवळजवळ चार वर्षे! या काळात घरकुलाचा हप्ता अडला, नाली तुंबली, नळ आठवडाभर कोरडा राहिला, तर दाद मागायची ती एका अशा अधिकाऱ्याकडे, ज्याला कोणी निवडून दिलेले नव्हते आणि ज्याची बदली केव्हाही होऊ शकत होती.

समाजवादी विचाराच्या माणसांनी या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी थोडे आपल्या घरातही पाहावे. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा त्यांचे चार खांब होते गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र. विकेंद्रीकरणाची इतकी मूलगामी मांडणी त्या पिढीत दुसरी नव्हती. पण या चार खांबांत शहरातला मोहल्ला कोठे बसतो? त्यावेळचा भारत खेड्यांचा होता, हे उत्तर खरे आहे, परंतु ते आज पुरेसे नाही. खेड्यातून उठलेला माणूस शहराच्या गल्लीत येऊन स्थिरावला, आणि त्याच्यासाठी पाचवा खांब रोवण्याचे काम राहून गेले.

ही गल्ली कशी असते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण निवाऱ्याचा प्रश्न म्हटला की डोळ्यांसमोर मुंबईची झोपडपट्टी येते आणि विचार तेथेच अडकतो. वऱ्हाडातल्या शहराचे पोट वेगळ्या रीतीने भरत गेले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला भाव आला, १८७० च्या सुमारास जलंब-खामगाव ही रेल्वेची फाटी झाली, सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले. कापसाचा नफा व्यापारी, अडते आणि कारखानदार यांच्यात वाटला गेला. कामगार रात्री कोठे झोपतो हा प्रश्न त्या वाटणीत कोणाच्याच खाती पडला नाही. कामगाराने आपली सोय आपण केली. पेठेच्या मागे, नाल्याच्या काठाने, जुन्या वाड्यांच्या पडक्या भागात आणि सरकारी जागेवर तो वसला. त्याच्या तीन-चार पिढ्या तेथे झाल्या. त्यांना 'अतिक्रमणधारक' म्हणणारा कारकून कित्येकदा त्यांच्यापेक्षा शहराला नवा असतो.

या जुन्या भागात घर ही एकट्याची वस्तू नसते. धाब्याच्या घरांची रांग असते. दोन घरांमध्ये भिंत एकच, तिच्यावर दोन्हीकडच्या सरांची टोके टेकलेली. एकाच्या धाब्याचे पाणी पन्हाळीतून दुसऱ्याच्या अंगणात पडते. पावसाळ्यापूर्वी एकाने आपल्या धाब्यावर माती टाकली नाही तर ओल शेजाऱ्याच्या घरात उतरते. मोरीचे पाणी ज्या नालीत जाते ती पाच दारांपुढून वाहते. चार भावांत वाटणी झालेली असते ती तोंडी. कागदावर नाव आजोबांचे, आणि आजोबा वारून चाळीस वर्षे झालेली.

अशा गल्लीत शहरी आवास योजनेतील 'लाभार्थी' प्रवेश करतो. स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम एकदम हाती येत नाही. जोते झाले की एक हप्ता, छताच्या पातळीला आले की दुसरा, पूर्ण झाले की उरलेला, आणि प्रत्येक वेळी जागेवरचे छायाचित्र काढून ते वर पाठवायचे. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने आधी आपले राहते घर पाडायचे, भाड्याची खोली घ्यायची, जोत्याचा खर्च कर्जाऊ उचलायचा आणि मग सरकारची वाट पाहायची. हप्ता दोन महिने लांबला तर व्याज सावकाराचे, भाडे घरमालकाचे आणि पावसाळा उघड्या भिंतींचा. अर्थशास्त्रात खेळते भांडवल नावाची एक साधी गोष्ट शिकवली जाते. गरिबांसाठी योजना आखताना ती नेमकी विसरली जाते.

पण याहून मोठी अडचण पाडण्याचीच आहे. एकाने आपले घर पाडले की समाईक भिंतीचा आधार जातो आणि शेजारच्याचे धाबे खचते. शेजारी आडवा येतो. त्याचे येणे वाजवी असते, पण भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाते आणि मंजूर झालेले घरकूल तसेच पडून राहते. दहा घरांच्या रांगेने एकत्र बसून ठरवले असते, तर समाईक भिंतीचा खर्च वाटून घेता आला असता, पाडण्याचा क्रम लावता आला असता, नाली एकदाच आणि सरळ रेषेत काढता आली असती, आणि एका रिकाम्या जागेत तात्पुरते छप्पर उभारून पाळीपाळीने राहता आले असते. योजनेत या बैठकीसाठी एकही रकाना नाही. योजना माणसाला ओळखते, रांगेला ओळखत नाही.

जमिनीच्या कागदाची गोष्ट तर वेगळ्याच पातळीवरची आहे. विदर्भात 'नझूल' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. शहरातील शासकीय भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले, पट्ट्याची मुदत संपलेली, वारसाची नोंद नाही, मध्येच अर्धा भाग साध्या कागदावर विकलेला, अशी अवस्था गल्लोगल्ली आढळते. २०२४ साली राज्य शासनाने नागपूर व अमरावती विभागातील निवासी नझूल भूखंड पट्टेदारांना मालकी हक्काने देण्यासाठी विशेष अभय योजना काढली. ज्याच्याजवळ पट्टा होता त्याला तिचा उपयोग झाला. त्याच भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यात पन्नास वर्षे भाड्याने राहणाऱ्याचा तिच्याशी संबंध आला नाही. सरकारी जागेवर वसलेल्यांसाठी १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणे नियमित करून पट्टे देण्याचे धोरण २०१८ साली आले. धोरण स्वागतार्ह होते. पण मोजणी कोणी मागायची, तिचे शुल्क कोणी भरायचे, २०११ पूर्वीचा पुरावा म्हणून कोणता कागद चालतो हे कोणी सांगायचे? ज्या वस्तीत चार शिकलेली पोरे आणि एखादा चिकाटीचा कार्यकर्ता असतो, ती वस्ती हे पार पाडते. इतर वस्त्या धोरणाच्या बाहेरच राहतात आणि शासनाच्या अहवालात 'प्रतिसाद अल्प' अशी नोंद होते.

वस्तीशी बोलणे न होता विकास आला म्हणजे काय होते, याचा धडा याच जिल्ह्यातील शेगावने दिला आहे. गजानन महाराजांच्या समाधीला २०१० साली शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने शहरासाठी शासनाचा मोठा विकास आराखडा आला. भाविकांची गर्दी पाहता रुंद रस्ते आणि वाहनतळ यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु मंदिराच्या परिसरातील जुन्या वस्त्यांचे स्थलांतर हाही त्या कामाचा भाग होता, आणि आराखड्याची अंमलबजावणी हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. न्यायालय मुदत घालून देऊ शकते, निधीचा जाब विचारू शकते. मजुरीच्या ठिकाणापासून नवे घर किती लांब पडेल, मुलींची शाळा कोणती, आणि जत्रेच्या दिवसांत प्रसाद-फुले विकून होणारी कमाई कोठे जाईल, हे प्रश्न मात्र वस्तीने आधी स्वतःच्या तोंडाने मांडायचे असतात. ते मांडण्याची जागाच नसेल तर ते याचिकेच्या परिच्छेदांतही उतरत नाहीत.

शेजाराला संघटित करून शहर सुधारण्याची कल्पना देशाला नवी नाही. १९५८ साली दिल्ली महानगरपालिकेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नागरी समुदाय विकासाचा प्रयोग सुरू केला. मार्शल क्लिनार्ड हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ त्याचे सल्लागार होते. गल्ल्यांतून विकास मंडळे निघाली, झाडलोट झाली, बालवाड्या निघाल्या. त्यामागचा विचार असा, की झोपडपट्टीतला माणूस स्वतःच्या सवयी बदलील तर वस्ती बदलेल. जमीन कोणाची, मजुरी किती, हे प्रश्न त्यात आले नाहीत, आणि म्हणून मंडळांचा उत्साह थोड्याच काळात ओसरला. हैदराबादचा १९६७ पासूनचा प्रयोग अधिक टिकला, कारण तेथे पुढे जमिनीचे पट्टे आणि बँकेचे कर्ज वस्तीच्या हाती आले. लोकांनी आपली घरे आपणच बांधली. सभेला येणाऱ्याला सभेतून काही ठोस मिळाले पाहिजे, ही साधी गोष्ट हैदराबादला कळली.

१९९७ च्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत तर शेजार गट, शेजार समिती आणि समुदाय विकास संस्था अशी तीन पायऱ्यांची रचना कागदावर बारकाईने आखलेली होती. केरळात आलप्पुळा शहरात नव्वदीच्या सुरुवातीला याच धर्तीचा प्रयोग मूळ धरून १९९८ साली त्यातून कुटुंबश्री उभी राहिली. महाराष्ट्रातील लहान शहरांत ही रचना कर्ज आणि अनुदान वाटपाच्या गटांपलीकडे फारशी गेली नाही. हाच साचा २०१३ नंतर नव्या अभियानात 'वस्तीस्तर संघ' या नावाने आला. बचत गटाच्या बायका हप्ता वेळेवर फेडतात, बँक खूश असते. पण नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात आमच्या गल्लीसाठी काय आहे, हे विचारण्याचा अधिकार त्या संघाला कोणी दिलेला नाही. केरळात फरक पडला तो तेथील बायका अधिक हुशार म्हणून नव्हे. तेथे राज्याने नियोजनाच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि शेजार गटाचे म्हणणे त्या नियोजनाला जोडले.

महाराष्ट्रातही दुसऱ्या वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावजवळ दिंडोशी परिसरात अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची वसाहत दीर्घ लढ्यानंतर उभी केली. कायदा पुढे २००७ साली महाराष्ट्राने रद्द केला. घरे मात्र उभी आहेत. पुण्याच्या येरवड्यात २००९ नंतरचे काम बुलढाण्याच्या गल्लीला अधिक जवळचे आहे. तेथे वस्ती हलवली नाही. पक्की घरे तशीच ठेवून फक्त कच्ची पाडायची आणि त्याच जागेवर सुमारे २७० चौरस फुटांची नवी बांधायची, असे ठरले. घराला तीन लाखांचा खर्च धरला होता आणि त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा होता. महिला मिलनच्या बायकांनी घरोघर फिरून मोजमाप घेतले, कोणाला स्वतंत्र घर आणि कोठे दोन-तीन कुटुंबांनी मिळून मजले चढवायचे याची चर्चा घडवली. कामाला वेळ लागला, कुरबुरी झाल्या. वेळ लागणारच, शंभर माणसांना विचारून केलेले काम एका माणसाच्या सहीने होणाऱ्या कामापेक्षा सावकाश चालते.

येथे दोन शंका मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत. 'लोकसहभाग' हा शब्द आज मंत्रालयापासून जागतिक बँकेपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की कर श्रीमंत वस्तीप्रमाणे गरिबानेही भरायचा, पण आपली नाली मात्र गरिबाने श्रमदानाने काढायची. वस्तीच्या बैठकांना वेळ द्यायचा तो बायकांनी, पाणी भरून, कामावरून येऊन, बिनपगारी. असा सहभाग ही वेठ आहे आणि तिला विरोधच केला पाहिजे. दुसरी शंका अधिक टोचणारी आहे. आपल्या शहरातला मोहल्ला हा बहुधा जातीचा किंवा धर्माचा मोहल्ला असतो. बौद्ध वस्ती वेगळी, मातंगांची वेगळी, वडारांची वेगळी, मुस्लिमांची वेगळी. मोहल्ला सभा भरवली तर तिच्यात जातपंचायतीचा वास येणार नाही कशावरून? आणि मोहल्ल्यातही घरमालक बोलतो, भाडेकरू बोलत नाही; आलेली सून सासऱ्यापुढे बोलत नाही.

या शंकांना घाऊक उत्तर नाही. मात्र सभा कोणत्या प्रश्नावर बोलावली यावर पुष्कळसे अवलंबून असते. पाण्याची वाहिनी, सांडपाण्याची नाली आणि रस्त्यावरचा दिवा जात पाहून वळत नाहीत. नाली वरच्या मोहल्ल्यातून खालच्या मोहल्ल्यात येते, म्हणून दोघांना एकत्र बसावेच लागते. बुलढाणा शहराला पाणी येळगावच्या धरणातून येते. उन्हाळ्यात ते किती दिवसांआड सोडायचे आणि कोणत्या भागाला आधी, हा प्रश्न एका जातीचा असूच शकत नाही. भाडेकरूच्या बाबतीत तर नियमच करावा लागेल, की सभेचे सदस्यत्व राहण्यावर असेल, मालकीवर नसेल.

कायदा बदलून एक लाखाखालच्या शहरांनाही मोहल्ला सभा मिळावी आणि घरकुलाची यादी तिच्यापुढे वाचली जावी, ही मागणी नव्याने निवडून आलेल्या नगरपरिषदांपुढे ठरावाच्या रूपाने नेता येईल. अकरा नगरपरिषदांनी असा ठराव केला तर शासनाला त्याची दखल घ्यावी लागेल. परंतु कायद्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. ग्रामसभासुद्धा कायद्यात येण्यापूर्वी पारावर भरतच होती. एका गल्लीतील पन्नास घरे निवडावीत. प्रत्येक घराची जागा कोणाच्या नावावर, पट्टा आहे की नाही, वारस नोंद झाली की नाही, भाडेकरू किती वर्षांचा, समाईक भिंती कोणत्या, घरकुलाचा अर्ज केला का, कितवा हप्ता कोणत्या तारखेला आला, हे सारे एका वहीत उतरवावे आणि ती वही गल्लीतच, शक्यतो एखाद्या बाईच्या घरी ठेवावी. महिन्यातून एकदा ती सर्वांसमोर वाचावी. मोजणीचा अर्ज पन्नास जणांचा एकत्र द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. थकलेले हप्ते तारखेनिशी मुख्याधिकाऱ्यांपुढे मांडावेत. नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून दुर्बल घटकांसाठी जो पाच टक्के निधी राखायचा असतो, तो गेल्या तीन वर्षांत कोठे खर्च झाला याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी आणि तीही त्याच वहीत चिकटवावी.

नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेरपर्यंत तयार होते. दिवाळीनंतर वह्या सुरू केल्या, तर त्या वेळेपर्यंत किमान दहा गल्ल्यांचे कागद हाती असतील.